कोरड्या भिंतीचा कस सांध्यावर

नवे घर बघायला गेले की आपल्याकडची वडीलधारी माणसे आधी भिंतीवर बोटाची पेरे वाजवून बघतात. विटेची भिंत गप्प राहते, जिप्सम बोर्डाची भिंत पोकळ वाजते आणि त्या आवाजावरच निकाल लागतो, ‘ही भिंत कच्ची.’ हा निकाल आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत, तरी घराघरांत जिप्सम वाढतच चालले आहे. हॉलचे छत, मुलांची खोली वेगळी काढणारे पार्टिशन, टीव्हीमागची भिंत, एसीचा पाइप झाकणारी पेटी, सगळीकडे तेच. ज्या वस्तूवर एवढा पैसा खर्च होतो तिला नुसती कच्ची म्हणून सोडून देणे बरे नाही. जिप्समची भिंत किंवा छत खराब निघते ते सहसा बोर्डामुळे निघत नाही, असे मला ठामपणे वाटते. बोर्ड कारखान्यातून मापात आणि सपाट होऊन येतो. घरी आल्यावर त्याच्यामागे काय उभे केले, तो किती स्क्रूंनी धरला आणि दोन बोर्डांमधली रेघ कशी बुजवली, यावर पुढची वीस वर्षे ठरतात. रंग लागल्यावर न दिसणारी कामे नेमकी हीच तीन आहेत, आणि म्हणून घासाघीस होते तीही यांच्यावरच.

पोकळ भिंत आपल्याला परकी नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर कुडाच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. कारवीच्या काठ्या एकमेकींना बांधून उभ्या करायच्या आणि त्यांना दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. छपराचा भार खांबांवर जायचा, कुडाचे काम फक्त आडोशाचे. सांगाडा वेगळा आणि त्वचा वेगळी ही कल्पना इतकी जुनी आहे. अमेरिकेत आणि युरोपात तेच तत्त्व लाकडी पट्ट्यांच्या रूपात रुजले होते. खांबांवर थोडी थोडी फट सोडून पट्ट्या ठोकायच्या आणि वर ओला गिलावा दाबायचा. तो फटींतून मागे जाऊन वाकला आणि वाळला की पट्टीला घट्ट धरून बसायचा. काम सुरेख होई, पण एकावर एक थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, यात दिवसामागून दिवस जात. १८९४ साली ऑगस्टिन सॅकेट या अमेरिकन माणसाने कागद आणि प्लास्टर यांचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या बोर्डाचे पेटंट घेतले. १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने सॅकेटचा धंदा विकत घेतला आणि १९१७ मध्ये ‘शीटरॉक’ या नावाने आजच्यासारखा बोर्ड बाजारात आणला. तरी लोकांनी तो लगेच जवळ केला नाही. खऱ्या गिलाव्यापुढे तो स्वस्तातली सोय मानला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गवंडी मिळेनासे झाले, युद्धानंतर घरांची निकड प्रचंड वाढली, तेव्हा कुठे हा बोर्ड घराघरांत पोचला. ओला गिलावा नाही, म्हणून तिथे या भिंतीला ‘ड्रायवॉल’ म्हणतात. म्हणजे बोटाने वाजवून बघणारे आणि नाक मुरडणारे आपण पहिले नाही.

बोर्डाच्या आत काय असते ते समजले की पुढचे बरेच काही आपोआप समजते. जिप्सम हा पाणी धरून बसलेला दगड आहे. त्याच्या वजनातला सुमारे २१ टक्के भाग पाण्याचा असतो, तेही स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा. भारतात त्याचे सर्वांत मोठे साठे राजस्थानात आहेत. हा दगड साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी पूड उरते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र भागात जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून या पुडीला प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव मिळाले. आपण तिला पीओपी म्हणतो. तिच्यात पाणी घातले की गेलेले पाणी ती परत ओढून घेते आणि काही मिनिटांत पुन्हा दगड होते. गणपतीची मूर्ती, मोडलेल्या हाताचे प्लास्टर आणि जिप्समचा बोर्ड, तिन्ही त्याच एका क्रियेची रूपे. तरी आपल्या बोलण्यात होणारा एक घोळ इथे दूर केला पाहिजे. कुठल्याही नक्षीदार छताला आपण सरसकट ‘पीओपी’ म्हणतो, पण पीओपीचे छत आणि बोर्डाचे छत ही दोन वेगळी कामे आहेत. पीओपीच्या छतात लोखंडी पट्ट्यांवर जाळी बांधतात आणि तिच्यावर कारागीर हाताने पीओपी थापून, ओढून सपाटी आणतो. गोलाई, वळणे, नक्षी यांसाठी ही पद्धत उत्तम, पण छताचा इंच न् इंच त्या माणसाच्या हातावर अवलंबून असतो. बोर्डात सपाटी कारखान्यातूनच येते. माणसाच्या हाताचे काम उरते ते फक्त सांध्यापुरते, आणि म्हणूनच त्या सांध्यावर एवढे ओझे येते.

आता सांगाड्याकडे वळू. आपल्याकडे तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचा असतो. छतासाठी खोलीच्या चारही भिंतींवर पाणसळ धरून एका पातळीत चॅनल ठोकतात, वरच्या स्लॅबला अँकर मारून खाली पट्ट्या सोडतात, त्यांना आडवे चॅनल अडकवतात आणि त्या चॅनलच्या खाली काटकोनात बोर्ड धरणारे सेक्शन बसवतात. मापे ठरलेली आहेत. कडेच्या चॅनलला दर ६१० मिलिमीटरवर एक स्क्रू, आडव्या चॅनलांमध्ये १२२० मिलिमीटर अंतर, आणि ज्यांना बोर्ड लागतो त्या सेक्शनांमध्ये ४५७ मिलिमीटर, म्हणजे दीड फूट. हा दीड फूट कुणी मनाने ठरवलेला नाही. साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड त्याहून लांब पल्ल्यावर आडवा टांगला तर स्वतःच्याच वजनाने हळूहळू पोट काढतो. ठेकेदाराने सेक्शन दोन फुटांवर नेले तर खोलीमागे दोन-चार सेक्शन वाचतात, काम झाल्या दिवशी छत आरशासारखे दिसते, आणि दोन पावसाळे उलटल्यावर दिव्याच्या उजेडात लाटा दिसू लागतात. तोवर हिशेब चुकता झालेला असतो. पत्र्याच्या जाडीचे तसेच. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा स्क्रूच्या आट्यांना धरतो. त्याहून पातळ पत्र्यात स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो आणि कारागीर पुढे सरकतो. आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पंखा आणि झुंबर या सांगाड्याला टांगायचे नसतात. पंख्याचा हूक स्लॅबमध्येच असला पाहिजे आणि दांडा बोर्डाला न टेकता त्याच्या भोकातून खाली आला पाहिजे. पंख्याची थरथर रोज बारा-बारा तास चालते, आणि ती सोसण्यासाठी हे छत बनवलेले नाही.

बोर्ड चढवण्याचा क्रमही समजून घेण्यासारखा आहे. छत आणि भिंत दोन्ही बोर्डाची असतील तर आधी छत करतात. मागून भिंतीचे बोर्ड वर सरकवले की छताच्या कडेला खालून आधार मिळतो. भिंतीचा बोर्ड जमिनीला टेकवत नाहीत. खाली सुमारे अर्धा इंच फट ठेवतात, ती पुढे स्कर्टिंगमागे झाकली जाते. फरशी पुसताना, कधी नळ उघडा राहिला तेव्हा, त्या अर्ध्या इंचामुळे बोर्डाला पाणी शोषता येत नाही. आपल्याकडे बोर्ड बहुधा ४ बाय ६ फुटांचा येतो आणि त्याचे वजन १८ ते २० किलोच्या घरात असते, म्हणजे दोन माणसांनी सहज उचलावा असा. लांब कडांचे सांधे सरळ रेषेत चालतात, पण आखूड कडांचे सांधे विटांच्या थरासारखे एकाआड एक सरकवावे लागतात. चार बोर्डांचे कोपरे एका ठिकाणी भेटले की तिथे तडा जाणार हे ठरलेलेच. तसाच दुसरा नेम दाराचा. दाराच्या चौकटीचा कोपरा म्हणजे भिंतीतली सर्वांत ताणाची जागा, कारण दार आपटले की धक्का तिथे जातो. बोर्डाचा सांधा बरोबर त्या कोपऱ्याच्या रेषेत आणला तर वर्षाच्या आत तिरकी चीर वर चढते. म्हणून जाणता कारागीर तिथे अखंड बोर्ड घेतो आणि त्याला इंग्रजी ‘एल’च्या आकारात कापून चौकटीवर बसवतो. बोर्ड थोडा वाया जातो, पण चीर टळते.

स्क्रूबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ही सगळ्यात लहान वस्तू सगळ्यात जास्त वेळा चुकीची बसते. छतावर दर २३० मिलिमीटरला एक, बोर्डाच्या कागद मढवलेल्या कडेपासून किमान १० आणि कापलेल्या कडेपासून १३ मिलिमीटर आत, असा साधा नियम आहे. डोके किती आत जावे, हा खरा प्रश्न. जिप्समचा गाभा ठिसूळ असतो आणि बोर्डाची ताकद असते ती दोन्ही बाजूंच्या कागदात. स्क्रूचे पसरट डोके कागदाला किंचित दाबून खळगा करते आणि कागद शाबूत राहतो, तेव्हाच त्या स्क्रूने बोर्ड धरलेला असतो. मशीन एक क्षण जास्त चालले, डोके कागद फाडून गाभ्यात घुसले, की तो स्क्रू काहीच धरत नाही. दिसायला मात्र तो सगळ्यांत नीट बसलेला दिसतो, कारण डोके खोल गेलेले असते. असा स्क्रू सापडला तर इंचभर बाजूला दुसरा मारायचा असतो. छतावर पुढे गोल फोड उठतात किंवा लहान लहान टोप्या खाली ढकलल्यासारख्या दिसतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा अशा सैल धरलेल्या बोर्डात असते.

आणि आता सांधा. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच थोड्या उतरत्या केलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते. टेप आणि कंपाउंड या पन्हळीत मावून वर सपाटी यावी, हा त्यामागचा हेतू. काम तीन हातांत होते. पहिल्या हातात पन्हळीत जॉइंटिंग कंपाउंड भरायचे, त्यावर कागदी टेप मधोमध धरायची आणि रुंद पट्टीने वरून दाबत न्यायची. पट्टीखालून जादा कंपाउंड दोन्ही बाजूंना बाहेर येते, टेपेखाली एक पातळ सलग थर राहतो. सगळी कला या दाबात आहे. जोर कमी पडला तर टेपेखाली जाड थर राहून उंचवटा येतो. जोर जास्त झाला तर टेप कोरडी पडते, तिथे धरत नाही आणि वाळल्यावर फुगा येतो. मग वाळू द्यायचे. साध्या हवेत एक दिवस तरी, पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याहून जास्त. दुसरा हात पहिल्यापेक्षा रुंद, तिसरा आणखी रुंद, जवळजवळ फूटभर, आणि कडेला इतका पातळ की बोट फिरवले तर थर कुठे संपला ते कळू नये. बोर्डाच्या आखूड किंवा कापलेल्या कडा एकमेकींना भेटतात तिथे पन्हळ नसते, त्यामुळे टेपेचा उंचवटा येणारच. तिथे उंची घालवता येत नाही, ती पसरवायची असते. दोन्ही बाजूंना मिळून दोन फुटांपर्यंत कंपाउंड ओढत नेले की चढ इतका मंद होतो की डोळ्याला समजत नाही. हे काम घाईत होत नाही. ‘सकाळी टेप, दुपारी लांबी, संध्याकाळी रंग’ असे जो सांगतो तो वाळण्याचा वेळ चोरतो. कंपाउंड वाळताना आकसते. पहिला हात आकसायच्या आत दुसरा मारला तर दोन्ही मिळून नंतर आकसतात, आणि रंगाखाली केसासारखी रेघ उमटते. जाळीची टेप वापरायची असेल तर तिच्याबरोबर पाणी मिसळल्यावर दगड होणारे पावडरचे कंपाउंड लागते. नुसते वाळून घट्ट होणारे तयार कंपाउंड जाळीत पुरेसा जोर धरत नाही. आणि सांधा साध्या लांबीने बुजवणे, टेप अजिबात न लावणे, हा तर उघड दोष आहे. लांबी पृष्ठभागावरचे बारीक खड्डे भरायला असते, हलणाऱ्या दोन कडा धरून ठेवायला नाही.

किती सफाई पुरेशी, याला अमेरिकेतल्या या व्यवसायाने शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. शून्य म्हणजे नुसता बोर्ड चढवलेला. एक म्हणजे सांध्यांवर टेप बसवलेली, जी छताच्या वरच्या न दिसणाऱ्या पोकळीत चालते. चार म्हणजे टेपेवर आणखी दोन हात आणि घासून केलेली सफाई, जी घराला सहसा पुरते. पाच म्हणजे सांधेच नव्हे, सगळ्या पृष्ठभागावर कंपाउंडचा पातळ हात. ही पाचवी पायरी कुठे लागते ते आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पृष्ठभागाला समांतर, तिरपा उजेड पडला की केसभर उंचवट्याचीही सावली पडते. आपल्याकडच्या फॉल्स सीलिंगची आवड अशी की कडेच्या खाचेत एलईडीची पट्टी लपवायची आणि तिचा उजेड छतावरून सरपटत सोडायचा. छताचे सांधे उघडे पाडायला याहून चांगली युक्ती नाही. दिवसा निर्दोष दिसणारे छत रात्री ती पट्टी लावताच बोर्डाबोर्डाने मोजता येते. लपवलेला दिवा हवा असेल तर त्या छतावर पूर्ण हात द्या, आणि रंग चमकदार न घेता मॅट घ्या. एवढे करायचे नसेल तर दिवा खाली उजेड टाकणारा घ्या. रंगाआधी प्रायमर विसरू नका. कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात, प्रायमर नसेल तर सांध्याच्या जागी वेगळ्या झाकेचा पट्टा उमटतो आणि दोष रंगाऱ्याच्या माथी जातो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ताकदीचा येतो. खिळा ठोकता येत नाही, कपाट टांगता येत नाही, मग कसली भिंत? यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. आजच्या फ्लॅटमध्ये इमारतीचा भार कॉलम आणि बीम वाहतात, आतली चार इंची विटेची भिंतही फक्त आडोसाच असते. दहा बाय दहा फुटांची अशी भिंत गिलाव्यासकट सव्वादोन टनांच्या आसपास भरते, आणि तेवढीच बोर्डाची भिंत सव्वादोनशे किलोंच्या आसपास. जिथे स्लॅबवर मागाहून भिंत उभी करायची आहे तिथे हा दसपट फरक ताकदीच्याच बाजूने बोलतो. उरला प्रश्न टांगण्याचा. फोटोची चौकट बोर्डावर बिनधास्त लावता येते. स्वयंपाकघराचे कपाट, गिझर, टीव्ही यांचे ओझे बोर्डाला द्यायचेच नसते, ते सांगाड्याला द्यायचे असते. बोर्ड लावण्याआधी तिथे दोन उभ्या सेक्शनांमध्ये प्लायवुडची पट्टी बसवून ठेवली की पुढे हवे तेवढे स्क्रू मारता येतात. विटेच्या भिंतीत हा विचार मागून केला तरी चालतो, इथे तो आधी करावा लागतो. बोर्डाच्या भिंतीची खरी अडचण ही की ती विसरभोळ्या माणसाला माफ करत नाही.

दुसरा आक्षेप आवाजाचा. भिंतीला कान असतात ही म्हण बोर्डाच्या भिंतीला फारच लागू पडते, असे लोक म्हणतात. पार्टिशनमध्ये नुसती हवा ठेवली तर पलीकडचे बोलणे शब्दन् शब्द समजते, हे खरे. आवाज अडतो वजनाने आणि तुटकपणाने. वीट वजनाने अडवते, बोर्डाची भिंत दोन त्वचा एकमेकींपासून वेगळ्या ठेवून आणि मधली पोकळी ग्लास वूल किंवा रॉक वूलने भरून अडवते. पण त्याहून मोठे कारण फटी. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, आवाज २० डेसिबलहून जास्त कमी होऊ शकत नाही, हे साधे गणित आहे. वरच्या स्लॅबशी आणि खाली जमिनीशी सीलंट न भरलेली रेघ, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवलेले विजेचे दोन बोर्ड, फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलेले आणि वर स्लॅबला न पोचलेले पार्टिशन, यांतून आवाज बाहेर पडतो. तक्रार बोर्डाची केली जाते. ती खरी फटीची असते, आणि फट बुजवायचे राहिलेले असते.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो मी पूर्ण मान्य करते. जिप्सम पाण्यात थोडे विरघळते, वरचा कागद ओला राहिला की त्यावर बुरशी धरते. आपल्या शहरांत वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती आणि पावसात बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल या नित्याच्या गोष्टी आहेत. ओल येणाऱ्या भिंतीवर ‘झाकून टाकू’ म्हणून बोर्ड लावणे ही सर्वांत महागडी चूक. ओल थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि मागे बुरशी वाढत जाते. गळती आधी दुरुस्त करायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच बोर्ड. दमट जागेसाठी हिरवट रंगाचा ओलावारोधक बोर्ड मिळतो. युरोपीय मानकातल्या वरच्या वर्गाचा असा बोर्ड दोन तास पाण्यात बुडवला तरी स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त पाणी घेत नाही. तरी तो दमट हवेसाठी आहे, शॉवरखाली किंवा मोरीत लावण्यासाठी नाही. तिथे टाइलमागे सिमेंटचा बोर्ड किंवा सरळ वीटकामच बरे. तळमजल्यावर दर पावसाळ्यात पाणी शिरत असेल, तिथेही या भिंतीचा नाद सोडावा.

पाण्याने हरणारा हाच दगड आगीपुढे मात्र टिकतो, तेही आतल्या पाण्याच्याच जोरावर. एका ४ बाय ६ फुटी बोर्डात साडेतीन लिटरच्या आसपास पाणी बांधलेले असते. आग लागली की ते वाफ होऊन निघते, आणि ते निघेपर्यंत बोर्डाची मागची बाजू पाण्याच्या उकळबिंदूच्या फार वर जात नाही. माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. आगीसाठीच्या खास बोर्डात काचेचे धागे असतात, पाणी गेल्यावरही गाभा कोसळू नये म्हणून. पण आगीलाही फटच सापडते. सांधा उघडा असेल तर ज्वाळा बोर्ड जाळत बसत नाहीत, सांध्यातून आत जातात.

ज्या हातांनी ही सफाई येते त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही, आणि ते गेले पाहिजे. सांधे घासताना उडणारी पिठासारखी पूड दिवसभर कारागिराच्या श्वासात जाते. तिच्यात अभ्रक, टाल्क, कधी सिलिकाही असते. छत घासणाऱ्यांच्या श्वासाजवळ धुळीचे प्रमाण अमेरिकेतल्या कायदेशीर मर्यादेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते, असे तिथल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेला आढळले आहे. त्या देशात १९७७ पर्यंत अशा कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉसही घालत असत. तिथे स्थायिक झालेल्या आणि जुने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी भिंत फोडण्याआधी ती तपासून घ्यावी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तोंडाला रुमाल बांधून हे काम चालते. रुमाल ही पूड अडवत नाही. चांगला मास्क थोडक्या पैशांत मिळतो, तो घरमालकाने आणून द्यावा. तिसरा हात नीट पातळ ओढला असेल तर घासायचे फारसे उरतच नाही, म्हणजे चांगले काम आणि कारागिराची फुप्फुसे यांचा मार्ग एकच आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. हे काम चौरस फुटाच्या दराने ठरते आणि दर ऐकून आपण निवडतो. त्या दरात सेक्शन किती अंतरावर, पत्रा किती जाड, टेप आहे की नाही, हात किती, याचा उल्लेख नसतो. स्वस्त आणि महाग अशा दोन कोटेशनांमध्ये बोर्ड बहुधा तोच असतो, फरक या चार ओळींत असतो. त्या ओळी कागदावर लिहून घ्या, आणि ‘साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड’ एवढ्यावर समाधान मानू नका. तसेच सांगाडा उभा राहिल्यावर आणि बोर्ड चढण्याआधी काम एक दिवस थांबवा. मोजपट्टी घेऊन सेक्शनांमधले अंतर स्वतः मोजा, पंख्याचा हूक हलवून बघा, टीव्ही आणि कपाटांमागे प्लायवुडची पट्टी बसली आहे ना ते पाहा, आणि प्रत्येक भिंतीचा, छताचा मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोर्ड चढले की यातले काहीही पुन्हा दिसणार नाही.